मामांची कारवी

घंटेचा शेवटचा टोल दिला की मामा आपला उजवा तळवा त्या पितळी थाळीवर अलगद टेकवीत आणि आवाज तिथल्या तिथे थांबे. परळच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांना याचे कारण विचारले.

"आवाज रेंगाळला की पोरं रेंगाळतात, बाई."

ते शाळेचे शिपाई. मुख्याध्यापकांपासून पाचवीतल्या मुलांपर्यंत सारे त्यांना मामाच म्हणत. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील: शाळेत त्यांचे नाव कोणाला ठाऊक नसते आणि त्यांच्यावाचून पान हलत नाही. त्यांचे दुसरे ठरलेले वाक्य म्हणजे, "त्याचं ते सांगेल. घाई नको." चहाला उकळी येत नसली तरी हेच, आणि एखादे मूल रडण्याचे कारण सांगत नसले तरी हेच.

नायगावच्या बीडीडी चाळीत ते तळमजल्यावर राहत. खोलीच्या मागच्या खिडकीखाली चार पावलांची जागा होती. तेथे तेलाच्या डब्यांत ओवा, गवती चहा, अबोली. आणि मधोमध, अर्ध्यातून कापलेल्या निळ्या ड्रममध्ये, खरखरीत पानांचे एक झुडूप. पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते माझ्या गुडघ्याइतके होते. मी वाकून पान उलटून पाहिले.

"मामा, ही तर कारवी! ही कुंडीत कोण लावतं?"

"मी," मामा म्हणाले.

कारवी ही सह्याद्रीच्या उतारावरची रहिवासी. कोणत्याही रोपवाटिकेत ती मिळत नाही, कारण ती विकत घेण्याइतका धीर कोणाजवळ नसतो. सहा वर्षे नुसती पाने, सातव्या वर्षी एकदाच फुले. मग बी धरायचे आणि मरून जायचे. तिच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून कोकणात कुडाच्या भिंती करीत. मामांचा जन्म तशाच भिंतींच्या घरात झाला होता. त्या घरामागचा कारवीचा उतार त्यांच्या धाकट्या भावाने आंब्याच्या कलमांसाठी साफ केला. मे महिन्यात मामा गावी गेले, तेव्हा बांधाच्या कडेला एवढे एकच रोप उरले होते. ओल्या फडक्यात गुंडाळून ते त्यांनी एसटीने मांडीवर आणले.

"भाऊ काय म्हणाला?"

"म्हणाला, दादा, मुंबईत काय लाकूड मिळत नाय?"

मामा हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "बी धरलं की तिथंच नेऊन टाकायचं. कलमांच्या वर, कातळाच्या कडेला जागा आहे अजून. तेवढी भाऊ देईल."

शाळेतून निवृत्त झाल्यावरही सकाळी साडेसहाला ते प्रत्येक डब्यासमोर हजेरी घेतल्यासारखे उभे राहत. मामी खिडकीतून मला म्हणाल्या, "बाई, माझ्याकडे कधी इतक्या बघूक नाय हेनी!"

सातव्या वर्षी, भाद्रपदात, मामांचा फोन आला. "या. सांगितलं तिनं."

मी गेले. पुरुषभर उंचीचे ते झुडूप जांभळ्या-निळ्या फुलांनी भरले होते आणि त्यावर मधमाश्या होत्या. त्या कोठून आल्या, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी नववीला 'फुलाचे भाग' हा धडा होता. मी म्हटले, "मामा, वर्गासाठी थोडी फुलं घेऊ?"

"घ्या की, बाई." त्यांनी कात्री आणून दिली.

आता माझी चूक सांगते. ती शिक्षकाखेरीज कोणाच्या हातून झाली नसती. वर्गात वीस बाक होते. प्रत्येक बाकाला एक तुरा हवा, तोही पूर्ण उमललेला, म्हणजे सगळे भाग नीट दिसतील. मी वीस तुरे मोजून कापले, सगळ्यांत भरलेले. झाडाचे वरचे अंग उघडे पडले. मामांनी कात्री घेतली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि एवढेच विचारले, "पोरांना समजेल ना नीट?"

तास उत्तम झाला. फळ्यावर 'अंडाशय' हा शब्द लिहिताना माझा हात थांबला. बी तेथेच धरायचे होते.

मी संध्याकाळी गेले आणि क्षमा मागितली. मामा म्हणाले, "खालचे तुरे आहेत अजून. त्यांचं ते सांगतील."

दिवाळीनंतर चाळ रिकामी करायची वेळ आली. नवी इमारत होईपर्यंत त्यांना सोळाव्या मजल्यावर खोली मिळाली. तेथे ड्रमला जागा नव्हती. तो टेम्पोतून माझ्या दादरच्या गॅलरीत आला. मामांनी एकच सूचना दिली. "पाणी घालू नका. बोंडं वाळू द्या. वाळलेल्या बोंडाला पाणी लागलं की ते फुटतं आणि बी उडतं."

जन्मभर मुलांना झाडांना पाणी घाला म्हणून शिकवणारी मी, डोळ्यांदेखत एक झाड वाळू देत होते. त्यावर मलमलचे कापड बांधले होते. शेजारीण म्हणाली, "अहो बाई, मेलंय ते. टाका आता." दर रविवारी मामांचा फोन येई. "फुटलं नाही ना?" नाही म्हटले की ते समाधानाने फोन ठेवीत.

चैत्रातल्या एका रविवारी फोन मामींचा आला. मामा पहाटे झोपेतच गेले होते.

मे महिन्यात, गावी निघण्याच्या आदल्या दिवशी, मामी माझ्याकडे आल्या. आम्ही गॅलरीत वर्तमानपत्रे अंथरली, कापड सोडले. वरच्या कापलेल्या टोकांकडे मी पाहायचे टाळले. खालच्या काटक्यांवर थोडी तपकिरी बोंडे होती. तांब्यात बोटे बुडवून मी पाणी शिंपडले.

काहीच झाले नाही. मी पुन्हा तांब्यात हात घातला, तेव्हा मामींनी माझे मनगट धरले.

"घाई नको, बाई."

आणि टक् असा आवाज झाला. मग दुसरा. वर्तमानपत्रावर चपट्या, तपकिरी बिया येऊन पडल्या. शेवटी मी मोजल्या तेव्हा त्या एकोणीस भरल्या.

"पुरे होतील ना?" मामींनी विचारले.

"ठाऊक नाही, मामी." खोटे बोलणे मला जमले नाही. "वीस तुरे मी कापले नसते, तर..."

मामींनी बिया मामांच्या रुमालात बांधल्या आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. "त्येचा ता सांगात," त्या म्हणाल्या.

त्या जिना उतरत असताना, नजरेतून सुटलेले एक बोंड माझ्या पाठीमागे फुटले. लहान, स्वच्छ आवाज. तो जराही रेंगाळला नाही.