बकरी सापडली, तरी शोध चालूच

मित्रमैत्रिणींनो, आज कॉलेजात मला एका सहकारी शिक्षिकेचा चक्क हेवा वाटला.

माझ्या विद्यार्थ्यांचा प्रोग्रॅम भूलभुलैयातून वाट शोधतो. एक फंक्शन स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत खोल जातं. अडचण एकच: वाट सापडली तरी ते शोधतच राहतं. प्रत्येक पायरीने वरच्या पायरीला ‘सापडलं’ असं कळवत परत यावं, हे मी आठवडाभर शुद्ध मराठीत समजावत होते. चेहरे कोरेच.

आज लॅबमध्ये कविता होती, कोरीट गावाहून आलेली आमची नवी मॅडम. मी दाराशी थांबले. ती मुलांना अहिराणीत हरवलेल्या बकरीची गोष्ट सांगत होती.

“बकरी दवडनी. एक जनले ती नालामा सापडनी. मंग बाकीना काबर शोधी ऱ्हायनात?”

“मॅडम, त्यासले सांगी कोन?” मागून भूषण.

“मंग आरोयी ठोक ना, भो! पन ती ऐकाले घर कोनी ते पाहिजे ना?”

वर्ग हसला. भूषणने सर्वांत खालून एक्सेप्शन फेकलं, म्हणजे प्रोग्रॅममधली आरोळीच ठोकली, आणि ते सर्वांत वरच्या फंक्शनमध्ये झेललं. शोध तिथेच थांबला.

भूषण माझा लाडका विद्यार्थी. मी त्याच्या कोडमध्ये चूक शोधत राहिले. सापडली नाही, याचं मला वाईट वाटलं.

घरी मीही अहिराणीच बोलते. वर्गात बोलायला मला कोणी मना केलं होतं?

‘छान शिकवलंस’ म्हणायला कवितापाशी गेले आणि ‘प्रोजेक्टर बंद कर’ एवढंच बोलून परतले.

उद्या तिच्याशी कसं बोलू? तुम्ही काय केलं असतं?