बाजेवरचं ऊन

सूर्यसुद्धा राखायचा असतो असं मानणारा माणूस साऱ्या इंदापूर तालुक्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघाला. आमच्या सासऱ्यांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. पुढं शेती आली, ऊस आला, मेंढरं गेली. पण भावजींच्या अंगातला मेंढका काही जाईना. ट्रॅक्टर बांधावर अडला की ते आधी त्याच्या पाठीवर थाप मारत आणि मग गिअर बदलत. उसाला पाणी देताना पाण्याला नावानं हाक मारल्यासारखं "हिकडं, हिकडं ये बाबा" म्हणत. आणि खरं सांगते, पाणी यायचं.

ते राहायचे पळसदेवच्या पुढं, उजनीच्या पाण्याच्या काठावरच्या वस्तीवर. गावात वीज होती. विजेचे खांब मात्र ओढ्यापर्यंत येऊन जे थांबले ते पाय भिजतील म्हणून की काय, पुढं सरकतच नव्हते. नव्वदीतली ही गोष्ट. माझी धाकटी जाऊ मोरगावकडची, माहेरी लख्ख उजेडात वाढलेली. पोटुशी असताना एका संध्याकाळी चुलीपुढच्या अंधारात तिला विंचू चावला. जीव वाचला, पण बाळंतपणाला माहेरी गेली ती मुलगी रांगायला लागली तरी परत येईना. तिच्या वडलांनी निरोप धाडला, "जावईबापू, घरात दिवा लागंल त्या दिवशी लेक आन् नात मी सोता आनून घालतो. अंधारात नांदायला पोरगी दिली न्हाय." आता बापानं दुसरं काय म्हणावं?

भावजींनी खांबांची वाट बघणं सोडलं आणि थेट पुणं गाठलं. परतताना उन्हावर वीज करणारी ती काच गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं बारामतीला आमच्याकडं उतरले. कंडक्टरनं विचारलं होतं म्हणे, "ह्याचं तिकीट?" हे म्हणाले, "ऊन पेतंय, दूध न्हाय. अर्धं फाडा." मी तेव्हा ऐन भरातली. घरात दोन ट्यूबलाइट, एक पंखा आणि एक मिक्सर, त्यामुळं वीज जणू मीच शोधून काढली होती असा माझा तोरा. मी गोधडी बाजूला केली, काचेवर टकटक केलं आणि म्हटलं, "भावजी, आरसा आनला व्हय? ह्यात तोंडबी धड दिसंना." ते नुसते हसले. गोधडी पुन्हा नीट पांघरली, अगदी लेकराच्या कानाशी घ्यावी तशी.

दुकानदारानं सांगितलं होतं, काच छपरावर दक्षिणेकडं तोंड करून, जरा तिरकी पक्की बसवा. भावजींना ते मुळीच पटलं नाही. "बांधून घातल्यालं जनावर चरतंय का कुटं?" त्यांनी अंगणात बाज टाकली, तिच्यावर काच ठेवली, तिच्या एका कडेखाली दगड सरकवला आणि उन्हामागं बाज फिरवायला लागले. सकाळी बाजेचं तोंड उगवतीला, दुपारी आभाळाला, कलतीला मावळतीकडं. बाभळीची सावली सरकत आली की बाज उचलून पुढं. गावात जायची वेळ आली तर शेजारच्या वस्तीवर सांगून जात, "जरा बाजंकडं ध्यान ठिवा, ढग आला तर आत न्या." ढगानं काचेचं काय वाकडं होणार होतं देव जाणे. वायर काचेपासून घरात, आणि घरात कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. संध्याकाळी डालगं उचलून तिला विचारायचं, "भरलं का पोट?" मग दोन तारा एकमेकींना जराशा टेकवायच्या, ठिणगी उडाली की समाधान. लगेच डालगं पालथं.

एवढं करून दिवा मात्र लावायचा नाही! मी वस्तीवर गेले होते तेव्हा बघितलं, नवाकोरा दिवा कोपऱ्यात टांगलेला आणि त्याच्याखाली हा माणूस रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात भाकरी खातोय.

"अवो भावजी, लावा की! शोभंला टांगलाय का?"

"न्हाय वैनी. आदी तिनं बघायचा."

मी खो खो हसले. तेव्हा मला कशानंही हसू यायचं, अक्कल कमी असली की येतं. वर फुकटचा सल्लाही दिला. म्हटलं, "आन् कोपऱ्यात कुटं लावत्यात? बारामतीत दिवा कसा, ताटावर पडतो." भावजींनी बिचाऱ्यांनी ऐकलं. दिवा काढून पडवीत मधोमध, पाण्याच्या बाजूला तोंड करून, पंगत बसते तिथं टांगला.

आणि मग भावजींचे निरोपावर निरोप गेल्यावर एकदाचे त्यांचे सासरे लेकीला आणि नातीला घेऊन आले. मीही होते, अशी मजा मी सोडते का? दिवस मावळला, भावजींनी अंगात नवा सदरा घातला आणि बटण दाबलं. भक्कन उजेड पडला. लेकरानं आधी दिव्याकडं बघितलं, मग बापाकडं. जाऊ सरळ चुलीकडं वळली. तिथं तिनं एकेक कोपरा न्याहाळला. मग पानं वाढली. चिलापी माशाचं कालवण, गरम भाकरी. पहिला घास तोंडात गेला न गेला तोच पाण्यावरून ते आले. किडे! असला उजेड त्या काठावर त्यांच्या सात पिढ्यांनी पाहिला नव्हता. कालवणात किडे, भाकरीवर किडे, सासऱ्यांच्या मिशांत किडे. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली.

"अवो, मालवा की ती बया!" जाऊ ओरडली.

भावजी उठले. बटणावर बोट ठेवलं आणि तसेच उभे राहिले. दाबेनात. वर्षभर ज्या उजेडासाठी बाज फिरवली तो आपल्या हातानं घालवायचा, आणि घालवला तर बायको राहते की जाते? ते सासऱ्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्या वेळचा त्यांचा चेहरा बघून माझं हसू घशातच राहिलं.

सासऱ्यांनी मिशीतला किडा काढला, चिमटीत धरून बघितला आणि बाहेर टाकला. "मालवा, जावईबापू. लागतोय ह्ये बगितलं. विंचू हुडकायपुरता लावत जावा. जेवायला चांदनं हाय की."

दिवा गेला. आम्ही ताटं उचलून अंगणात बसलो. जेवणं झाल्यावर सासरे कलंडले, मी भांडी आवरायला आत गेले. बाहेर बाजेवर ती दोघं लेकराला मध्ये घेऊन बसली होती. भावजी तिला वर्षभराचं सगळं सांगत होते, ढगाळ दिवसांचंसुद्धा. मधूनच ती हसायची. तिची पाठ माझ्याकडं होती, तोंड दिसत नव्हतं, पण ती त्यांच्याकडं बघत असणार हे आवाजावरून कळत होतं. मी ओल्या हातांनी दारात उभी राहिले. आमच्या घरात दोन ट्यूबलाइटखाली आम्ही दोघं जेवायचो तेव्हा ह्यांच्यापुढं पेपर असायचा आणि माझ्यापुढं पेपराची मागची बाजू.

पुढं खांबांनी ओढा ओलांडला. भावजी आता नाहीत. जाऊ लेकीकडं असते. आमच्याकडं हल्ली वीज गेली की सूनबाई इन्व्हर्टरकडं धावते. मी म्हणते, "थांब गं, लगेच नको लावू." तिला वाटतं सासूला चळ लागला. त्या अंधारात मी बसून राहते. मग समोरच्या खुर्चीतून हे घसा खाकरतात, "काय गं..." म्हणून काहीतरी सांगायला लागतात, आणि तेवढ्यात मेली वीज येते.