घड्याळ म्हणजे कुठले घड्याळ? : शिवरामपंतांच्या साठीनिमित्त

शिवरामपंतांची आणि माझी पहिली भेट भांडणातच झाली. फौजेच्या वर्कशॉपातून निवृत्त होऊन मी साताऱ्याहून सांगलीला, भिंतीवरच्या घड्याळांच्या कारखान्यात फोरमन म्हणून आलो होतो. परदेशातून आलेल्या खोक्यातले एक दातेरी चाक उचलले, तोच मागून आवाज आला, “काय आहे ते?”

“घड्याळाचं चाक,” मी म्हणालो.

“कुठल्या घड्याळाचं? हातातल्या की भिंतीवरच्या?”

मला रागच आला. फौजेत यंत्रे दुरुस्त केलेल्या माणसाला हे धोतरवाले गृहस्थ चाक काय शिकवणार! पण पंतांनी शांतपणे समजावले. आपण मराठी माणसे मनगटावरच्यालाही घड्याळ म्हणतो आणि भिंतीवरच्यालाही. कस्टमच्या पुस्तकात मात्र या दोघांची बिऱ्हाडे वेगळी. सुटे भाग वेगळे, कर वेगळा, आयातीचा परवानाही वेगळा.

उमेदीची वर्षे मुंबई बंदरावर लोकांचा माल सोडवण्यात घालवून पंत सांगलीला परतले होते. आमच्याकडे त्यांचे काम एकच, येणाऱ्या प्रत्येक भागाला त्याचे खरे नाव देणे. साधा स्क्रू घड्याळात बसला तरी तो लोखंडाच्याच घरात जातो. सुटी चाके ‘भाग’ म्हणून चालतात, पण सगळी जुळवून अख्खे यंत्र उभे राहत असेल तर त्याला भाग म्हणता येत नाही. हे सगळे ते तोंडपाठ सांगत. पंतांच्या घरी पोह्यांतले शेंगदाणेही वेगळ्या सदरात जात असतील, अशी आम्ही थट्टा करायचो. ते हसायचे आणि पुन्हा खोक्यात डोके घालायचे.

माझी पत्नी मिरजेच्या इस्पितळात होती तेव्हा दुपारचा डबा सायकलवरून पंत आणत. मऊ भात एका पुडात, आमटी दुसऱ्यात, आणि मीठ कागदाच्या पुडीत वेगळे, कारण डॉक्टरांनी बेताने खायला सांगितले होते. मी आभार मानू लागलो की म्हणत, “आमटी गार होतेय.” असा माणूस मला पुन्हा भेटलेला नाही.

आणि अशा माणसाच्या वाट्याला काय आले, तेही या गौरवग्रंथात लिहिलेच पाहिजे. नुसती फुले वाहायला माझा हात उचलत नाही.

एकदा मोठा माल बंदरात लागला आणि नेमके पंत टायफॉइडने अंथरुणावर. मालक स्वतः मुंबईला गेले. समोरचे अधिकारी मराठीच निघाले. आपला माणूस भेटला की आपली जीभ सैल सुटते. “काय आहे?” असे त्यांनी विचारताच मालक ऐटीत म्हणाले, “घड्याळाचे सुटे भाग, साहेब!” कागदावर इंग्रजीत ‘वॉच’, म्हणजे मनगटी घड्याळ, उतरले. ते दिवस चोरट्या मनगटी घड्याळांचे. बंदरावर सगळ्यांकडेच संशयाने पाहत. आमचा परवाना भिंतीवरच्या घड्याळांचा. माल अडकला.

पंत ताप पुरता उतरायच्या आत मुंबईला धावले. लिहिलेले बदलायला कोणी तयार होईना. तेव्हा एका दलालाने वाट दाखवली. माल खेळण्यांचे भाग म्हणून नव्याने दाखवा, उद्याच सुटेल. मालक तयार झाले, पण त्यांच्या शब्दावर आता कोणाचा विश्वास नव्हता. सही पंतांची हवी होती.

“लंबकाच्या घड्याळाला खेळणं कसं म्हणू?” पंत म्हणाले. “मला नाही जमायचं.”

त्यांनी अपील केले. निकालाची वाट पाहता पाहता कारखान्याला कुलूप लागले. पोटासाठी आटपाडीहून आलेल्या तानीबाई आमच्याकडे चाके बसवत. त्या पंतांच्या दारात जाऊन म्हणाल्या, “आवं पंत, तुमी खरं बोललासा, न्हाई कोण म्हणतंय? पर आमी आता कुठल्या खान्यात बसायचं?”

अपील आम्ही जिंकलो. भिंतीवरच्या घड्याळांचे सुटे भाग, असे पंतांचेच शब्द निकालात आले. पण तोवर खाऱ्या वाऱ्याने चाके हिरवी पडून एकमेकांना चिकटली होती. ती पितळेचे भंगार म्हणून विकावी लागली, आणि ‘भंगार’ लिहिलेल्या कागदाखाली सही पंतांनीच केली.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्यांच्याकडे गेलो होतो. चहा झाल्यावर न राहवून विचारले, “पंत, तीच वेळ पुन्हा आली तर?”

त्यांनी रिकामी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, “खेळणं म्हणेन.”

कारखाना बंद पडला त्या दिवशीही मी इतका खचलो नव्हतो. पंत चुकले, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तानीबाईंसमोर ते बरोबर होते असे म्हणायचेही धाडस होत नाही. परमेश्वराने पंतांना निरोगी आयुष्य द्यावे, आणि ते इतके लांब असावे की ‘खेळणं’ हा एक शब्द मागे घ्यायला त्यांना सवड मिळावी.