मजुरी नाही, मंजुरी

फतेगंजात आम्ही मित्रांनी मोफत अभ्यासिका काढली आणि खोलीच्या मधोमध प्लायवूडची भिंत घातली. त्यामुळे छतातला, आग लागली की पाणी फवारणारा स्प्रिंकलर एकाच बाजूला राहिला. दुसऱ्या बाजूला नवा बसवायला बाजव्याहून एक गुजराती फिटर आले. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

स्टुलावर चढून त्यांनी पाइपवर तळहात ठेवला, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. म्हणाले, "भाई, आधी मंजुरी."

मला 'मजुरी' ऐकू आलं. "देतो ना काका, आत्ताच देतो!"

ते खळखळून हसले. "मजुरी नाही रे, मंजुरी! अग्निशमन खात्याची. नकाशा द्यायचा, ते पाहून जातात, मगच पाइपला हात लावायचा."

मी भडकलो. परवानग्यांच्या राज्याविरुद्ध मी पत्रकं लिहून वाटली होती, त्यातलं एक त्यांच्या हातात दिलं. "उद्या पोरं अभ्यासाला येणार. कागदासाठी त्यांनी थांबायचं?"

त्यांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. मग छताकडे बोट केलं. "सरस लिहिलंयस. पण हे काम करताना अख्ख्या बिल्डिंगच्या स्प्रिंकलरचं पाणी बंद होतं. वर पाळणाघर आहे ने? त्यांना विचारलंस?"

विचारलं नव्हतं.

पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी मला अर्ज कसा लिहायचा ते सावकाश लिहून दिलं. ते गेल्यावर आम्ही भिंत उतरवली, म्हणजे मंजुरी येईपर्यंत जुनाच स्प्रिंकलर खोलीभर पुरेल. मग मी पाळणाघराचा जिना पहिल्यांदाच चढलो.