आलू म्हणणारी मुलगी

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाढले, आणि माझ्या मराठीबद्दल नातेवाइकांचं एकमत होतं: दिल्लीने पोरीची भाषा घालवली. मी बटाट्याला आलू म्हणायचे, कोथिंबिरीला धनिया. पुण्याहून आलेली आत्या हसायची. बाबा हसायचे नाहीत. आपल्या नोकरीपायी मुलीचं मराठी गेलं, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. संध्याकाळी ते मला मराठी धडा मोठ्याने वाचायला बसवत. मी अडखळले की त्यांना वाटे, हिला वाचताच येत नाही. मग ते पुस्तक मिटत.

मला सगळे शब्द येत होते. मी तोतरी होते, एवढंच. बटाट्यातला ब ओठांवर अडून बसायचा, आलू मात्र सुटायचा. आजूबाजूची मराठी मुलं अर्धं हिंदीच बोलत, त्यामुळे माझी पळवाट घरातही कुणाच्या लक्षात आली नाही. लपायला इतकं सोयीचं शहर दुसरं नसेल. पण पुस्तक मिटतानाचा बाबांचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं.

यंदा दिल्लीच्याच द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत मंडळाने मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी तोतरेपणावरच बोलायचं ठरवलं. बाबा पहिल्या रांगेत होते. मी "ब... ब..." करताच समोरच्या मावश्यांनी प्रेमाने मदत सुरू केली. कुणी बाप्पा म्हणालं, कुणी बहीण, एकीने तर बर्फीही सुचवली. मला हसू आलं आणि रागही आला.

"शब्द मला माहीत असतो," मी माइकवर म्हटलं. "तो माझा मला म्हणू द्या. तुम्ही फक्त थांबा."

मग मी बटाटा म्हटला, सावकाश, अडखळत, पण पुरता. आलूची सगळी हकिगत सांगितली. लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. बाबा खाली मान घालून बसले होते.

रात्री मी त्यांचं पान वाढलं. पानाकडे न बघता त्यांनी विचारलं, "आज भाजी कसली?"

"ब..." माझे ओठ मिटले ते मिटलेच. बाबांनी घास हातातच धरला. भाजी त्यांच्या समोर होती, तरी त्यांनी शब्द पुरवला नाही, माझ्यावरची नजरही वळवली नाही.

"बटाट्याची," मी म्हणाले.

तेव्हा कुठे ते जेवू लागले.