नणंदेकडे राहिलेला सूड

मेलेल्या माणसांना मी एकदा वार्षिक सभेचं निमंत्रण पाठवलं होतं. जळगावला आमच्या घरच्याच दुकानात तेव्हा सोसायट्यांची कॉम्प्युटरची कामं होत. नशिराबादच्या एका दूध सोसायटीची एक्सेल फाइल आली. दर सभासदाचं एक पान. वारलेल्यांची पानं काढायची आणि बाकीच्यांना निमंत्रणं छापायची, एवढंच काम. दुसऱ्या कुणी हातानं काढली असती. पण मी नुकताच स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, लिहिण्याचा क्लास केलेला, पदर खोचून बसले: पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत जा, वर ‘मयत’ दिसलं की पान काढ. आता एक पान काढलं की त्याच्या मागचं सरकून त्याच जागी येतं, आणि प्रोग्रॅम मात्र पुढच्या नंबरावर निघून गेलेला असतो, हे त्या विदुषीला कोण सांगणार? दोन मयत शेजारीशेजारी असले की दुसरा वाचायचा. शेवटी पानं संपली तरी नंबर चालूच, म्हणून मशीन चूक दाखवायला लागलं, तर बाईंनी ‘चूक आली तरी पुढे चल’ अशी ओळ घालून त्याचं तोंडच बंद केलं. काही दिवसांनी एक गृहस्थ पाकीट घेऊन दुकानात उभे. “माह्या बापाले सभेले बलावलं तुम्ही. आता त्याले आनू कुठून?”

सुमन, माझी धाकटी नणंद, तेव्हा लग्नाची होती आणि शेजारच्या मशीनवर बसायची. तिनं त्यांना चहा पाजला, माफी मागितली, मला खुर्चीवरून उठवलं आणि एक ओळ बदलली. “वहिनी, काढायचं असलं की शेवटून सुरू करायचं. मग सरकतं ते आधीच बघून झालेलं असतं.” एवढ्यावर थांबली असती तर ती सुमन कसली! बारशात, साखरपुड्यात, माझ्या माहेरच्यांच्या पंगतीतसुद्धा तिचं सुरू: “आमच्या वहिनींनी बोलावलं की मेलेलेही उठून येतात.” लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचे… आणि दर हसण्यागणिक माझ्या मनातला सूड चांगला पोसत होता.

सुमन लग्न होऊन धुळ्याला, देवपुरात गेली. पुढे कधीतरी मी तिच्याकडे मुक्कामाला असताना ती बाजारात गेली, आणि तिचा कॉम्प्युटर तसाच उघडा. पत्त्यांच्या यादीत तिचं सगळं सासर. या वेळी काढायचं काहीच नव्हतं, नुसतं एकेकाला घ्यायचं आणि निरोप पाठवायचा, त्यामुळे कुणी सुटण्याची भीती नव्हती. तिच्या नावानं लिहिलं, ‘रविवारी दुपारी भरीत-पुरीला घरी या.’ दुसऱ्या दिवशी साळसूदपणे जळगावची बस धरली. रविवारी चाळीसगावचे चुलत दीर सहकुटुंब आले, नवऱ्याच्या ऑफिसातले आले, जिच्याशी बोलणं बंद होतं ती जाऊही आली. दुपारी सुमनचा फोन. मागे भांड्यांचा नुसता खणखणाट. धुळ्याला राहून तिथली बोली तिच्या जिभेवर चढली होती. “वहिनी, बठ्ठा येल शेतस,” सगळे आलेत, एवढंच बोलली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी एकटीच घरात हसत फिरले. मग मात्र वाट बघणं सुरू झालं. ती काय करणार? दिवाळीला तिनं आणलेला डबा मी आधी उघडून हुंगायचे. नातीच्या बारशाला तिला कॉम्प्युटरच्या खोलीत फिरकू दिलं नाही. ती मात्र गोड बोलायची, खाली वाकून नमस्कार करायची, आणि मेलेल्यांचा तो किस्सा तिनं सांगायचाच सोडला. हे फार वाईट होतं. सुमननं टोमणा गिळला म्हणजे आत काहीतरी मोठं शिजत असणार.

ती आजारी पडली तेव्हा मी उशाशी बसून म्हटलं, “सुमन, माझं काय द्यायचं राहिलंय ते देऊन टाक बाई. मला टांगून ठेवू नकोस.” ती डोळे मिटूनच हसली. “घाई काय आहे, वहिनी…”

महिन्याभरापूर्वी पहाटे देवपुरातून फोन आला. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? बेईमान, हिशेब न मिटवता पळाली. मी रडले ती रागानं रडले. घरातल्यांना जे वाटायचं ते वाटो.

गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी तिच्या घरी पंगत बसली, सगळं सासर हजर होतं. मी वयानं मोठी, खुर्चीत बसून होते. तेवढ्यात सुमनची लेक रेवती आली आणि तिनं वरणाची भरलेली बादली माझ्या हातात दिली. मी म्हटलं, “अगं, मी आजी झाले आता. या गुडघ्यांनी कशी वाढू?”

ती म्हणाली, “मामी, आई सांगून गेलीय, ‘या वेळी बोलावणारी मी आणि वाढणारी तुझी मामी. गुडघ्यांचं कारण सांगेल, ऐकू नकोस.’”