थुंकीतल्या अळ्या

पेडण्यातल्या एका लहान इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी काम करते. रक्त, पू, शौच यांचं मला काही वाटत नाही. थुंकी मात्र इतक्या वर्षांनंतरही किळसवाणी वाटते.

गेल्या वर्षी हळर्णची एक साठीची बाई दाखल झाली. जन्मभर शेतात अनवाणी राबलेली. ताप, खोकला, पोटात कळा. अंगाची काडी झालेली, पण चेहरा गोल, सुजलेला. डॉक्टरांना क्षयाचा संशय होता. दोनदा थुंकी तपासली, जंतू सापडले नाहीत. तिसऱ्यांदा मी रंग न घालताच एक थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. अळ्या होत्या. जिवंत, वळवळणाऱ्या. मी तशीच उठून डॉक्टरांना सांगायला गेले.

डॉक्टर म्हणाले, "शौचाची डबी असेल. बदलली असणार."

मी खाटेपाशी गेले आणि बाईला माझ्यासमोर खोकायला लावलं. पुन्हा त्याच अळ्या. या वेळी डॉक्टरांनी स्वतः पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. हे जंत मातीतून तळपायात शिरतात, आतड्यात वर्षानुवर्षं गप्प राहतात. प्रतिकारशक्ती ढासळली की फुप्फुसापर्यंत चढतात.

"काकी, कसल्या गोळ्या घेता?" मी विचारलं.

"सांध्यांच्यो गो बाये. बाजारात एक माणूस इकता. तीन वर्सां खातंय. त्येच्याबगर चलाक जमना नाय."

तिच्या लेकाने पिशवी आणून दाखवली. सुट्या गोळ्या, नाव ना गाव. डॉक्टरांच्या मते स्टिरॉइड. तो सुजलेला चेहरा त्याचाच, ढासळलेली प्रतिकारशक्तीही.

मी बाजारात जाऊन त्या माणसाला गाठलं. गोळ्या मोजणाऱ्या हातानेच तो भजी खात होता. बाईची हकिकत सांगितली.

"गुण येत होता ना तिला?" बोटं चाटत तो म्हणाला.

त्या अळ्यांची आली नव्हती एवढी शिसारी मला तेव्हा आली. डॉक्टरांनी लेखी तक्रार केली. पुढच्या आठवड्यात तो दिसला नाही. डिचोलीच्या बाजारात बसतो, असं नंतर कळलं.

बाईला जंताचं औषध सुरू झालं, स्टिरॉइड हळूहळू कमी केलं. थुंकी स्वच्छ यायला दोन आठवडे लागले. रोज मीच तपासत होते, रोज जेवण अर्धं टाकत होते.

महिन्याभराने ती चालत आली. माझ्यासाठी डब्यात शिरवाळ्या आणि नारळाचा गोड रस. पांढऱ्या, ओल्या, एकमेकींत गुंतलेल्या शेवया.

"खा गो," ती म्हणाली.

तिच्यासमोर मी एक घास गिळला. दुसरा जमला नाही.